हवेचे ओझे

रंगपंचमीच्या दिवशी पिचकारीचे तोंड रंगाच्या पाण्यात बुडवून दट्ट्या मागे ओढला, की पाणी त्याच्या पाठोपाठ वर चढते. पाण्याचा स्वभाव खाली वाहण्याचा आहे. थोडा उतार दिसला, तरी ते तिकडे धाव घेते. मग पिचकारीत ते वर कसे चढते? दट्ट्या पाण्याला ओढून घेतो, असे कोणीही चटकन सांगेल. परंतु दट्ट्याला दोरी बांधलेली नाही आणि पाण्याला धरावयास कडी नाही. मग ओढावयाचे ते कशाने?

युरोपातील पंडितांजवळ या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके तयार होते. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने शिकविले होते, की जगात पूर्णपणे रिकामी अशी जागा असूच शकत नाही. त्यावरून पुढील पंडितांनी असे ठरविले, की निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे. दट्ट्या मागे सरताच त्याच्या पुढे पोकळी होऊ लागते. ती निसर्गाला खपत नाही. म्हणून तो घाईने पाणी तेथे धाडतो. हे उत्तर मोठे सोयीचे होते. विहिरीवरचा पंप असो, पिचकारी असो, की नळीने पेय पिणे असो, सर्वांना ते लागू पडे. त्यामुळे त्यापुढे कोणी फारसे विचारीत नसे.

पंडितांना अडविले ते पंप बसविणाऱ्या कारागिरांच्या अनुभवाने. विहिरीतील पाण्यापासून सुमारे दहा मीटरांहून अधिक उंचीवर पंप बसविला, तर पाणी वर येत नाही. दट्ट्या कितीही चांगला असो, पाणी त्या उंचीपर्यंत चढते आणि तेथेच थांबते, असे इटलीतील कारागिरांस ठाऊक होते. गॅलिलिओने इ. स. १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या गोष्टीचा उल्लेख केला आहे. निसर्गाला पोकळीचा तिटकारा असेल, तर तो दहा मीटरांपर्यंतच का असावा? त्याहून वर निसर्गाचा राग शांत होतो की काय?

गॅलिलिओने एक तर्क केला. लांब दोरी वरून टांगली आणि ती लांबवीत गेले, तर केव्हा तरी ती आपल्याच वजनाने तुटेल. तसाच पाण्याचा उंच स्तंभही आपल्या वजनाने तुटत असावा, असे त्याला वाटले. हा तर्क चुकीचा होता. नवल असे, की हवेला वजन असते हे गॅलिलिओला माहीत होते. एका भांड्यात जास्तीची हवा दाबून भरून त्याने ती तोलूनही पाहिली होती. परंतु हवेचे वजन आणि पंपातील पाणी यांची सांगड घालण्याचे काम त्याच्या हातून झाले नाही.

हवेला वजन आहे, हे ऐकून आजही अनेकांना आश्चर्य वाटते. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलोग्रॅम भरते. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच अशा वर्गात १६८ घनमीटर हवा मावते. म्हणजे त्या वर्गातील हवेचेच वजन सुमारे दोनशे किलोग्रॅम झाले. शंभर किलोग्रॅमची धान्याची दोन पोती डोक्यावर अधांतरी असावीत आणि कोणाला पत्ताही नसावा, तसाच हा प्रकार आहे.

राहिलेली सांगड गॅलिलिओचा तरुण साहाय्यक एव्हांजेलिस्ता टॉरिचेली याने घातली. टॉरिचेली गॅलिलिओच्या आयुष्याच्या अखेरच्या तीन महिन्यांत त्याच्याजवळ राहिला होता. दहा मीटर उंचीच्या नळ्या घेऊन प्रयोग करणे फार अवघड. म्हणून त्याने पाण्याऐवजी पारा घेण्याचे ठरविले. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. हवेच्या वजनाने पाणी दहा मीटर तोलून धरले जात असेल, तर पारा त्याच्या सुमारे तेराव्या-चौदाव्या हिश्शाइतकाच तोलला जावयास हवा. म्हणजे हातात धरता येईल एवढ्या नळीने काम भागावे.

हा प्रयोग इ. स. १६४४ च्या सुमारास टॉरिचेलीचा मित्र विव्हियानी याने प्रत्यक्ष करून पाहिला. एका टोकास बंद असलेली सुमारे एक मीटरहून थोडी लांब काचेची नळी काठोकाठ पाऱ्याने भरली. उघडे तोंड बोटाने दाबून नळी उलटी केली, ते तोंड भांड्यातील पाऱ्यात बुडविले आणि मग बोट काढले. नळीतील पारा खाली उतरू लागला. पण सगळा उतरला नाही. भांड्यातील पाऱ्याच्या पृष्ठापासून सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर तो थांबला. त्याच्या वर नळीच्या बंद टोकापर्यंत जागा मोकळी राहिली. तीत हवा शिरण्यास वाट नव्हती. ज्या पोकळीला निसर्ग थारा देत नाही असे पंडित सांगत होते, ती पोकळी नळीच्या टोकाशी स्वस्थपणे बसलेली दिसत होती. (पाऱ्याची वाफ विषारी असते, हे त्या काळी नीटसे उमगले नव्हते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग केवळ चित्रात पाहावा. पारा हाताळू नये.)

टॉरिचेलीने ११ जून १६४४ रोजी आपला मित्र रिची यास लिहिलेल्या पत्रात याचा अर्थ सांगितला. मासे जसे समुद्राच्या तळाशी राहतात, तशी माणसे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. या अफाट हवेचे ओझे भांड्यातील पाऱ्याच्या पृष्ठावर पडते. नळीच्या आत, पाऱ्याच्या डोक्यावर मात्र हवा नसल्यामुळे तेथे ते ओझे नाही. म्हणून बाहेरची हवा भांड्यातील पारा दाबते आणि तो नळीत उचलून धरला जातो. हा एक तराजूच समजावा. एका पारड्यात नळीतील पारा आणि दुसऱ्या पारड्यात आकाशापर्यंतची हवा. जेथे दोन्ही सारखे भरतात, तेथे पारा थांबतो.

आता गणित करून पाहावे. ७६ सेंटिमीटरला १३.६ ने गुणले, तर १०३३.६ सेंटिमीटर येतात, म्हणजे दहा मीटरांहून थोडे अधिक. कारागिरांचा पंप नेमका तेथेच अडत होता! पिचकारीचेही कोडे सुटले. दट्ट्या पाण्याला मुळीच ओढीत नाही. तो फक्त आतील हवेचा अडथळा दूर करतो. पाणी वर ढकलण्याचे काम बाहेरची हवा करते.

येथे एक शंका कोणाही चौकस विद्यार्थ्यास येईल. नळी बारीक घेतली तर पारा थोडा लागतो, जाड घेतली तर पुष्कळ लागतो. मग दोन्ही नळ्यांत उंची सारखीच का? जाड नळीतील अधिक पारा हवेला कसा पेलवतो? याचे उत्तर वजन आणि दाब यांतील भेदात आहे. एकच वीट ओल्या मातीवर आडवी ठेवली, तर ती थोडी रुतते; तीच उभी ठेवली, तर अधिक रुतते. विटेचे वजन बदललेले नसते. ते वजन किती जागेवर पडते, हे बदललेले असते. एकक क्षेत्रफळावर जेवढा भार पडतो, त्यास दाब म्हणतात. नळीचे तोंड दुप्पट मोठे झाले, तर पारा दुप्पट लागतो हे खरे. पण त्याला खालून उचलून धरण्यास जागाही दुप्पट मिळते. प्रत्येक चौरस सेंटिमीटराच्या वाट्याला येणारा भार तोच राहतो.

तो भार किती, हेही याच नळीवरून काढता येते. एक चौरस सेंटिमीटर तोंडाच्या नळीत ७६ सेंटिमीटर उंचीचा पारा म्हणजे ७६ घनसेंटिमीटर पारा. त्याचे वजन १०३३.६ ग्रॅम. म्हणजे समुद्रकाठी हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर सुमारे एक किलोग्रॅम भाराने दाबीत असते. मुलाचा तळहात शंभर चौरस सेंटिमीटर धरला, तर त्यावर शंभर किलोग्रॅमचे ओझे झाले. ते जाणवत नाही, कारण हवा वरूनच दाबते असे नाही. पाण्याप्रमाणे तीही सर्व दिशांनी दाबते. तळहातावर जेवढा दाब, तेवढाच हाताच्या मागच्या बाजूसही असतो. शिवाय शरीरातील रक्त व इतर द्रव त्याच दाबाखाली असतात. हवा खालूनही दाबते याची खात्री करावयाची असल्यास पेला पाण्याने काठोकाठ भरावा, त्यावर जाड गुळगुळीत कागद बसवावा, तो तळहाताने धरून पेला पालथा करावा आणि मग हात हळूच काढावा. पाणी कागदासकट वरच राहते. पहिल्या खेपेस हा प्रयोग मोरीजवळ केलेला बरा.

टॉरिचेलीचे म्हणणे कितीही पटण्यासारखे असले, तरी तेवढ्याने ते सिद्ध झाले असे म्हणता येत नव्हते. जुन्या मताचे पंडित गप्प बसले नाहीत. काहींनी सांगितले, की नळीच्या टोकाशी दिसते ती पोकळी नव्हेच. तेथे डोळ्यांस न दिसणारा काही सूक्ष्म पदार्थ असला पाहिजे. काहींनी म्हटले, की निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहेच, फक्त त्या तिटकाऱ्यास मर्यादा आहे. ७६ सेंटिमीटर पाऱ्याइतकी त्याची शक्ती आणि त्यापुढे ती संपते. हे म्हणणे हास्यास्पद वाटले, तरी त्याला खोडून कसे काढावे? पारा ७६ सेंटिमीटरांवर थांबतो, ही गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य होती. तोच प्रयोग शंभर वेळा केला असता, तरी वाद मिटला नसता. जेथे एक मत एक सांगेल आणि दुसरे मत दुसरे सांगेल, अशी जागा शोधावयास हवी होती.

ती जागा ब्लेझ पास्कल या फ्रेंच तरुणाने शोधली. वडिलांचे करवसुलीचे किचकट हिशेब हलके व्हावेत, म्हणून आकडेमोड करणारे यंत्र बनविणारा तो हाच पास्कल. इटलीतील प्रयोगाची वार्ता फ्रान्समध्ये पोहोचल्यावर त्याने तो प्रयोग अनेक प्रकारांनी करून पाहिला. मग त्याने असा विचार केला: आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी असू, तर पर्वतावर चढणे म्हणजे त्या समुद्रात तळापासून वर येणे होय. शिखरावर डोक्यावरची हवा कमी, म्हणून ओझेही कमी. तेव्हा तेथे पारा कमी उंचीवर थांबला पाहिजे. उलट, हे सारे पोकळीच्या तिटकाऱ्याचे काम असेल, तर पारा पायथ्याशी आणि शिखरावर सारखाच राहील. कारण डोंगराच्या खाली निसर्गाला पोकळीचा राग अधिक आणि वर कमी, असे मानण्यास कोणतेच कारण नाही.

पास्कल तेव्हा पॅरिसमध्ये होता, प्रकृतीने दुर्बल होता, आणि पॅरिसजवळ उंच पर्वत नाही. परंतु त्याचे जन्मगाव क्लेरमाँ हे मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागात असून त्याच्याजवळच प्वी द दोम नावाचा थंड झालेला ज्वालामुखी पर्वत आहे. त्याचे शिखर समुद्रसपाटीपासून १४६५ मीटर उंच असून गावापासून सुमारे एक हजार मीटर वर आहे. पास्कलच्या थोरल्या बहिणीचे यजमान फ्लोराँ पेरिए त्या प्रांतात होते. १५ नोव्हेंबर १६४७ रोजी पास्कलने मेहुण्यांना पत्र लिहून ही कामगिरी सांगितली. त्या वेळी पास्कल चोवीस वर्षांचा होता. पेरिए यांची कामे आणि त्या भागातील पाऊस, बर्फ व धुके यांमुळे दहा महिने गेले. पास्कलला उत्तरासाठी थांबून राहावे लागले.

शनिवार, १९ सप्टेंबर १६४८ या दिवशी पहाटे प्वी द दोमचे शिखर उघडे दिसले. पेरिए यांनी गावातील काही धर्मोपदेशक, अधिकारी आणि एक वैद्य यांना निरोप धाडले. ही सर्व मंडळी सकाळी आठ वाजता एका मठाच्या बागेत जमली. ती बाग गावातील अगदी सखल जागी होती. पेरिए यांनी सारख्या जाडीच्या, प्रत्येकी चार फूट लांबीच्या दोन नळ्या आणि शुद्ध केलेला पारा आणला होता. दोन्ही नळ्यांनी तेथेच प्रयोग केला. दोहोंत पारा एकाच उंचीवर थांबला: त्या काळच्या फ्रेंच मापाने २६ इंच साडेतीन रेषा, आजच्या मापाने सुमारे ७१.२ सेंटिमीटर. (क्लेरमाँ समुद्रसपाटीहून उंचावर आहे, म्हणून ही उंची ७६ सेंटिमीटर भरली नाही. पण मंडळी ती गोष्ट नुकतीच शोधावयास निघाली होती!)

त्यानंतर पेरिए यांनी जे केले, ते शिखर चढण्याहूनही महत्त्वाचे आहे. दोनांपैकी एक नळी त्यांनी बागेतच उभी ठेवली आणि मठातील शास्तँ नावाच्या धर्मोपदेशकांना विनंती केली, की त्यांनी दिवसभर तिच्याजवळ राहून पारा हलतो की काय, ते पाहावे. शास्तँ यांच्या वाट्याला पर्वत आला नाही, शिखरावरचा आनंदही आला नाही. परंतु ते बागेत बसले नसते, तर सगळी चढण फुकट गेली असती. शिखरावर पारा खाली उतरलेला दिसला, तरी कोणीही म्हणाले असते, की दुपारी हवामान पालटले, ऊन चढले किंवा ढग आले, म्हणून तो उतरला. खाली गावातही तसाच उतरला असेल. हे म्हणणे वेडगळ ठरले नसते. हवामान बदलले की एकाच जागीही पारा थोडा वरखाली होतो. बागेतील नळी आणि पर्वतावरील नळी यांत सर्व काही सारखे ठेवून फक्त उंची बदलावयाची होती.

दुसरी नळी घेऊन मंडळी शिखरावर पोहोचली. तेथे तीच कृती केली. पारा २३ इंच २ रेषांवर, म्हणजे सुमारे ६२.७ सेंटिमीटरांवर थांबला. पायथ्यापेक्षा तो साडेआठ सेंटिमीटर खाली होता! थोडा फरक पडेल अशी अपेक्षा असणाऱ्यांनाही एवढा मोठा फरक पाहून विस्मय वाटला. आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून पेरिए यांनी शिखराच्या निरनिराळ्या जागी तो प्रयोग पुनः पुनः केला. एकदा तेथील लहानशा प्रार्थनामंदिराच्या आडोशाला, एकदा उघड्यावर, एकदा वाऱ्यात, एकदा ऊन असताना, एकदा पाऊस व धुके असताना. सर्व मिळून पाच वेळा केलेल्या प्रयोगांत पारा त्याच जागी थांबला. उतरताना वाटेत मध्ये थांबून पाहिले, तर पारा २५ इंचांवर, म्हणजे शिखर आणि बाग यांच्या दरम्यान आला. बागेत परतल्यावर तो पुन्हा पूर्ववत २६ इंच साडेतीन रेषांवर गेला. आणि शास्तँ? दिवसभर ऊन, पाऊस, धुके, वारा सर्व काही आले. पण बागेतील पारा जराही हलला नाही, असे त्यांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी पेरिए यांनी क्लेरमाँच्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर नळी नेली. मनोरा सुमारे चाळीस मीटर उंच. तेवढ्या उंचीतही पारा दोन रेषांनी, म्हणजे जेमतेम साडेचार मिलिमीटरांनी खाली आला. हे वृत्त वाचताच पास्कलने पॅरिसमधील संत जाक चर्चच्या मनोऱ्यावर स्वतः तो प्रयोग केला. त्या नळीने त्यालाही तेच सांगितले.

टॉरिचेलीची ती नळी आता वायुभारमापक म्हणून ओळखली जाते. उंची मोजण्यास ती उपयोगी पडली. आणि एकाच जागी पारा वरखाली होतो तो हवामानाप्रमाणे, हे कळल्यावर वादळाची सूचना मिळविण्यासही उपयोगी पडली. पाऱ्याऐवजी आता धातूची पातळ डबी किंवा विजेवर चालणारी लहान उपकरणे वापरतात. काही मोबाइल फोनांतही असे उपकरण बसविलेले असते. पास्कलच्या सन्मानार्थ दाबाच्या एककास इ. स. १९७१ पासून आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत ‘पास्कल’ हे नाव आहे. एक चौरस मीटरवर एक न्यूटन बल असेल, तर तो दाब एक पास्कल होय. हा दाब फारच थोडा असल्यामुळे हवामानाच्या बातम्यांत शंभर पास्कलचे मोठे एकक वापरतात. त्यास हेक्टोपास्कल म्हणतात. समुद्रकाठी हवेचा दाब सामान्यतः १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो.

महाराष्ट्रातील शेतकरी पास्कलचे नाव न घेताही हा नियम पाळतात. खोल विहिरीत पाणी शोषून घेणारा विजेचा पंप काठावर न बसविता विहिरीच्या आत, पाण्यापासून फार उंच नसलेल्या कट्ट्यावर बसवितात. हिशेबाने दहा मीटर म्हटले, तरी नळातील घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा इत्यादींमुळे व्यवहारात सात-आठ मीटरांहून अधिक उंच पाणी चढविणे कठीण जाते. मोटेला मात्र अशी मर्यादा नव्हती. मोट पाणी शोषीत नसे. ती भरून वर उचलली जाई. विंधन विहिरींवरील हातपंप तीस-चाळीस मीटरांवरूनही पाणी आणतात, त्याचेही कारण हेच. त्यांचा दट्ट्या दांड्याजवळ नसून खाली पाण्यात असतो आणि तो पाणी वर उचलतो.

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर, म्हणजे प्वी द दोमहून थोडी अधिकच आहे. तेथे पाऱ्याचा वायुभारमापक नेला, तर पारा ६३ सेंटिमीटरांच्या जवळपास थांबेल. पेरिए यांचा प्रयोग शाळेच्या सहलीत तेथे करता येण्यासारखा आहे. पाऱ्याची नळी न नेता धातूच्या डबीचे दोन वायुभारमापक न्यावेत, म्हणजे झाले. निघण्यापूर्वी पायथ्याच्या बारी गावात दोन्ही जवळजवळ ठेवून त्यांचे आकडे वहीत उतरून घ्यावेत. एक वायुभारमापक शिखरावर जाईल. दुसरा बारी गावातच ठेवावा लागेल, आणि वर्गातील कोणा तरी विद्यार्थ्याला मंडळी परत येईपर्यंत दर अर्ध्या तासाने त्याचा आकडा लिहीत तेथे बसावे लागेल.